कोल्हापूर, नाशिक, नांदेड

चिंचोका कोल्हापूरवर होता. देवानंदनं तो अंगठ्यानं दाबून बसवला होता, नकाशाची घडी जिथं पांढरी पडून फाटायला आली होती बरोबर तिथं, आणि मच्छिंद्र त्याच्या तपकिरी गुळगुळीत पाठीकडं एकटक बघत होता. बघता बघता त्याची कड जराशी पसरल्यासारखी झाली... तो दचकला. डोळे घट्ट मिटले, उघडले. चिंचोका होता तिथंच होता. पण मधे काही गेलं का? त्यानं झटकन हातातल्या कपाकडं बघितलं. चहावर वाफ होती, साय धरलेली नव्हती. म्हणजे काही गेलं नाही. गेल्या आठ दिवसांत त्याला ही सवयच लागली होती – निवणारं, जळणारं, सरकणारं असं काहीतरी नजरेसमोर ठेवायचं, आणि मधूनमधून तपासून घ्यायचं, की आत्ता सरलेल्या वेळात आपण होतो की नव्हतो.

“कोल्हापूर लागलं तर बघा,” देवानंद म्हणत होता. परतूरच्या कॉलेजसमोर त्याचं चहाचं हॉटेल होतं, आणि कॉलेजच्या मुलींचा कबड्डीचा संघ म्हणजे त्याला स्वतःच्या घरातलं कार्य वाटे. यंदा संघानं साखळीतले सगळे सामने खेळून संपवले होते आणि तो पहिला होता. पण माजलगावच्या मुलींचा एक सामना अजून बाकी होता, आज दुपारी, गेवराईशी. त्या हरल्या तर परतूर पहिलंच राहणार आणि पहिल्याला कोल्हापूरच्या मोठ्या निमंत्रित स्पर्धेचं बोलावणं. त्या जिंकल्या तर परतूर दुसरं. मग नाशिक किंवा नांदेड, ज्यांचं पत्र आधी येईल तिकडं. एवढंच होतं. पण या एवढ्यावर हॉटेलातली माणसं चार दिवस बसून होती. कल्याण सातबाऱ्याची कामं करून देणारा, तो कागदावर गुणांतले फरक मांडत होता. नाशिकला सामने टीव्हीवर दाखवतात, तिथं एखाद्या पोरीला कंपनीवाले बघतील, असं त्याचं म्हणणं. देवानंदला कोल्हापूरची गर्दी हवी होती; तिथं म्हणे चढाई करणाऱ्या पोरीचं नाव घेऊन सगळं मैदान ओरडतं. नांदेडच्या बाजूनं कुणीच नव्हतं. नांदेड काय, डबा बांधून जाऊन यावं असं गाव.

“नांदेड बरं,” मच्छिंद्र म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. अकरा वर्षं संघ त्याच्याच क्रूझर गाडीतून जात होता, आणि अकरा वर्षं तो दरवेळी लांबातलं लांब गाव मागत आला होता. घाट असला तर जास्तच खुश. कल्याणनं पेन खाली ठेवलं. “मच्छिंद्रभाऊ, तुम्ही नांदेड म्हणून राह्यले?”

“पोरी थकतेत,” तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज खोटा वाटला. आता विचारतील... पण कुणी विचारलं नाही. देवानंदनं हसून नांदेडवर ठेवलेला दुसरा चिंचोका उचलला आणि तोंडात टाकून चघळायला लागला, आणि बोलणं पुन्हा कोल्हापूरकडं गेलं – सोलापूरवरून जायचं की बार्शीवरून, किती वाजता निघायचं, मागं किती गाड्या. भाऊ नेतील बराबर, कुणीतरी म्हणालं. भाऊंच्या हातात स्टेरिंग म्हणजे घरातल्या पलंगावर झोपल्यासारखं.

तो उठला. गाडी पुसायची आहे म्हणून सांगितलं.

गाडी कॉलेजच्या कंपाउंडाला लागून बाभळीखाली उभी होती. तिच्याकडं जाताना त्याला पायांखालची वाट मोजावी लागत होती. बीडहून परतताना... नाही, आत्ता नको. पण ते येतच असे, ओढ्याला पाणी यावं तसं, न विचारता. बीडचा सामना जिंकून ते निघाले होते, दिवस अजून बराच वर होता. शहागडच्या पुलावर पोरींनी गोदावरीत नाणी टाकली होती, हे आठवतं. वडीगोद्रीला थांबून त्यांनी भजी घेतली, हेही आठवतं. भज्यांच्या कागदाचं तेल कुणीतरी सीटला पुसलं म्हणून तो रागावला होता. मग उजवीकडं तीर्थपुरीच्या रस्त्याला लागले. समोर उसाची ट्रॉली होती, दुहेरी, लादून फुगलेली, मागच्या बाजूनं एक लांब ऊस निसटून रस्त्यावर घासत चाललेला. त्या घासत जाणाऱ्या उसाचा शेंडा त्याला आत्ताही दिसत होता. शेंड्याची पानं धुळीत रेघ ओढत होती... आणि मग कालव्याचा पूल. मधलं काही नाही. अंधारही नाही, झोप नाही, स्वप्न नाही. घासणारा ऊस आणि पूल, एकाला एक लागून, जणू मधला रस्ता कुणी कापून काढला आणि दोन टोकं जोडून दिली. ट्रॉली आता आरशात होती, मागं, लहान. ती ओलांडली कुणी? समोरून काही येत होतं की नव्हतं? मागं पोरी गाणी म्हणत होत्या, त्यांचं कडवंही चुकलं नव्हतं. शेजारच्या सीटवर शालू बसली होती आणि त्याच्याकडं बघत होती. तिला तो म्हणाला होता, काच लाव, गार वारा लागून राह्यला. तिनं काच लावली.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला टायर बघायला जातो सांगून जालन्याला गेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मनगटावर बोटं ठेवून बसला, आणि म्हणाला की काही जणांना खाली न पडताच फिट येते, माणूस बसल्या जागी दगड होतो, डोळे उघडे. तपासणी करावी लागेल. तोवर गाडी चालवायची नाही – “एक दिवससुद्धा नाही, कळलं का?” कळलं, असं मच्छिंद्र म्हणाला आणि खाली येऊन गाडी चालवतच परतूरला आला. तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मोटारसायकली त्याला ओलांडून जात होत्या आणि तो मोठमोठ्यानं मैलाचे दगड वाचत होता. घरी बायकोनं, उषाबाईनं, ताटात भाकरी वाढली, मग हात तसाच ठेवून म्हणाली, तुम्ही आजकाल माझ्याकडं बघत न्हाईत, माझ्यातून बघता. त्यानं ताटावरून नजर न उचलता भाकरी मोडली.

सांगून टाकावं. कितीदा ठरवलं होतं. क्रीडाशिक्षक बोराडे सर भले माणूस, ते दुसरी गाडी करतील. पण दुसरी गाडी केली तर पोरी येतील का? हाच तो खड्डा होता, ज्याच्या काठावरून तो रोज मागं फिरत होता. चार वर्षांपूर्वी सर शालूच्या घरी गेले होते. गावाबाहेरची वस्ती, दारात मेंढरं. तिचा बाप बिरू मेंढरं आत घालत राहिला होता. शेवटी त्यानं सरांकडं नाही, बाहेर गाडीजवळ उभ्या मच्छिंद्रकडं बघितलं होतं. “तुमची गाडी हाय म्हणून धाडतो,” एवढंच म्हणाला. तसंच अर्पिताच्या घरी, तसंच आणखी तीन घरी. बारा पोरींमधल्या पाच जणी त्याच्या नावावर उंबरा ओलांडत होत्या. तो बाजूला झाला तर संघ बसला. तो बाजूला नाही झाला तर... घासणारा ऊस, आणि पुढचं टोक कशाला जोडलेलं असेल ते कुणी सांगावं.

फडकं घेऊन तो काच पुसायला लागला. एकाच जागी पुसत राहिला.

“मामा.”

शालू होती. सरावाचे कपडे, गुडघ्यावर पट्टी. ती गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, आणि तिनं हॉटेलकडं एकदा बघून घेतलं. कधीची बोलायचं म्हणून आली असावी, कारण तिनं काही प्रस्तावनाच केली नाही.

“त्या दिवशी मी धरलं होतं स्टेरिंग.”

त्याच्या हातातलं फडकं काचेवरच राहिलं. आठ दिवस ज्याची भीती होती ते आता समोर उभं होतं, आणि छातीत जे झालं ते मात्र भीतीसारखं नव्हतं. जिन्याची एक पायरी नसावी आणि पाय तिच्यावर टाकावा, तसं काहीतरी.

“तुमचे डोळे उघडे होते,” ती सांगायला लागली, अगदी हळू. तिनं दोनदा हाक मारली होती. तो समोर बघत होता आणि ओठ हलवत होता, काही चघळल्यासारखे. पाय तसाच दाबलेला. ट्रॉली जवळ आली, तेव्हा ती उठली आणि तिनं चाक उजवीकडं ओढलं. समोरून एक जीप येत होती, ती खाली उतरली शेतात. मागच्या कुणाला कळलं नाही, त्यांना वाटलं मामांनी ओलांडलं. तिला तर स्कूटीशिवाय काही येत नव्हतं.

“समोरून जीप होती?” त्यानं विचारलं.

“होती.”

“किती वेळ... मी...”

“माहीत न्हाई मामा. मी मोजलं न्हाई.” मग म्हणाली, “मंग पूल आला आणि तुम्ही म्हणले काच लाव.”

त्याला वाटलं, आता ही म्हणेल, सरांना सांगते. म्हणावं. त्याच्या आतला एक भाग अक्षरशः हात जोडून उभा होता, की हिनं म्हणावं, म्हणजे सुटलो. पण शालूनं वेगळंच काढलं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती. सांगितलं तर बाबा पाठवणार नाहीत, अर्पिताचे भाऊ पाठवणार नाहीत, आणि तिचं हे शेवटचं वर्ष. तिनं सगळं बघून ठेवलं होतं. नांदेड लागलं तर तीन-साडेतीन तास, ते तर काहीच नाही. नाशिकला मधे दोनदा थांबायचं. कोल्हापूर मोठं, दहा तास तरी, पण पहाटे न निघता उजाडल्यावर निघायचं, दर तासाला चहा म्हणून गाडी बाजूला घ्यायची. ती पुढंच बसेल. झोपणार नाही, त्याच्याशी बोलत राहील. तो उत्तर द्यायचा थांबला की तिला कळेल. “घरी बाबाच्या ट्रॅक्टरवर बसून शिकून राहिले आता,” ती म्हणाली. “सरळ रस्त्याला जमतं.”

ती हे सांगताना अंगठ्याचं नख बोटांवर टेकवत पुढं पुढं सरकवत होती, तास मोजत. हॉटेलात कल्याण मांडत होता तसंच – कोल्हापूर, नाशिक, नांदेड. फक्त हिच्या हिशेबात तिन्ही गावं वेगळ्याच मापानं मोजलेली होती. वीस वर्षांची पोर. तिनं स्वतःच्या मरणाचे तासातासाचे तुकडे पाडले होते, त्यात चहाला थांबायच्या जागा बसवल्या होत्या, आणि ते सगळं ती त्याला समजावून सांगत होती, लहान पोराला धीर द्यावा तशा आवाजात.

“शालू,” तो म्हणाला.

तेवढ्यात हॉटेलात गलका झाला. खुर्ची पडल्याचा आवाज आला. देवानंद फोन वर धरून रस्त्यात आला, नाचल्यासारखा, आणि कल्याणनं त्याला मागून मिठी मारली. माजलगाव हरलं होतं, दोन गुणांनी. गेटमधून चारपाच पोरी पळत बाहेर आल्या, अर्पिता पुढं. त्यांनी शालूला बघितलं आणि हात वर केले. कोल्हापूर. एकमेकींना कोल्हापूर, कोल्हापूर म्हणत त्या हसत होत्या.

शालूचा चेहरा उजळला. उजळलाच, तिला ते आवरता आलं नाही. मग तिनं मच्छिंद्रकडं बघितलं, आणि तो उजेड तसाच राहिला पण डोळ्यांत दुसरं काही आलं. “मामा, येता ना?” तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती पळाली. पट्टीचा पाय जरा ओढत.

खिशात फोन वाजायला लागला. बोराडे सर. त्यानं तो वाजू दिला, थांबू दिला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. सर आनंदात होते, गाडीची तयारी, निघायची वेळ, बिरूलाही सांगायला हवं म्हणत होते. मच्छिंद्रनं फडकं बॉनेटवर ठेवलं. मग म्हणाला, “सर, फोनवर न्हाई. मी येतो. भेटून बोलायचंय.” काय, असं सरांनी विचारलं. येतो, एवढंच तो पुन्हा म्हणाला. काय बोलणार हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तिथं पोचेपर्यंत जीभ कुठं वळेल याची खात्री नव्हती.

पण तो लगेच निघाला नाही. त्यानं डावीकडचं दार उघडलं आणि आत बसला, तिच्या जागेवर. अकरा वर्षांत या सीटवर तो कधी बसला नव्हता. इथून रस्ता वेगळाच दिसत होता, जास्त जवळ, अंगावर आल्यासारखा. त्यानं उजवा हात लांब केला. चाकापर्यंत पोचेना. पाठ टेकवून बसलं तर बोटं नुसती हवेत राहत होती. म्हणजे तिला उठावं लागलं असणार... एक गुडघा मधल्या बैठकीवर, गियरच्या दांड्यावरून आडवं, दगड झालेल्या माणसाच्या छातीला छाती घासून, त्याचे उघडे डोळे वीतभर अंतरावर, आणि काचेतून येणारी जीप. ओरडलीही नाही. ओरडली असती तर मागच्या पोरींना कळलं असतं.

आठ दिवस तो भीत होता, आणि ती सगळी भीती त्याची स्वतःची होती – त्याचं डोकं, त्याची गाडी, त्याचं नाव. आता त्या भीतीच्या आत दुसरी एक भीती हळूहळू जागा करून बसत होती, आणि ती त्याची नव्हती. ती लहान होती, गप्प होती, शेजारी बसून त्याच्या ओठांकडं बघत होती. उत्तर यायचं थांबतंय का, ते बघत होती. बाहेर पोरी अजून हसत होत्या. तो हात तसाच लांब करून बसून राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःकडं बघायची भीती वाटली नाही. वाटली ती तिच्या जागेवरून शेजारी दिसणाऱ्या, चाकामागच्या त्या मोकळ्या सीटची.