मानाचं पहिलं तास

हैबतरावानं भूगावकडची जमीन बिल्डरला दिली, दारात नवा ट्रॅक्टर आणला आणि तेव्हापासून त्याचा नांगर दर साली बांधाचा घास घ्यायला लागला. बांधाअलीकडचं शेत रत्नाबाईचं. हातभर पट्टी गेलीच होती. भांडायला गेलं तर त्याच्यापुढं निभाव लागणार नव्हता आणि गप्प बसलं तर उद्या बांधावरचं जांभूळही गेलं असतं. रत्नाबाईच्या जिवाला घोर लागला होता.

तिची लेक जान्हवी स्पर्धा परीक्षेच्या मागं लागलेली. बलाढ्य होत चाललेल्या शेजारी देशाशी लहान देशानं कसं वागावं, यावर ती आठवडाभर निबंध घोटत होती. शेजारी बदलता येत नाही, ती आईला समजावून सांगायची. त्याला डिवचायचं नाही आणि त्याच्या पायाही पडायचं नाही. चारचौघांत बोलवायचं, मान द्यायचा आणि आपली हद्द त्याच्याच हातून पक्की करून घ्यायची. देशांचं बरं असतं, रत्नाबाई म्हणाली, त्यांना भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत. या वेळी थापाव्या लागतील, लेक हसत म्हणाली, आपण इर्जिक करू.

इर्जिक म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून एकाचं शेत नांगरून द्यायचं आणि त्यानं सगळ्यांना मटणाचं जेवण घालायचं. वाडीत ही रीत कधीच मागं पडली होती. जान्हवी आधी हैबतरावाकडंच गेली. बांधालगतचं पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, मानाची; ती तुम्हीच काढा, म्हणाली. गडी खूश झाला. ट्रॅक्टरला हार घालूनच आला.

जुना बांध डोळ्यांनी पाहिलेला म्हातारा एकनाथ जांभळाखाली बसला होता आणि अख्खी वाडी बांधावर उभी होती. ट्रॅक्टर निघाला. हैबतरावानं एकदा मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं, डोकं खाजवलं आणि चाक हळूच आपल्या शेताकडं वळवलं. गेलेली पट्टी मुकाट रत्नाबाईच्या रानात आली.

पंगतीत रत्नाबाईनं पहिलं ताट त्यालाच वाढलं. बांधाची कुरबुर सुरू झाल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या दारी जेवत होता आणि पट्टीपेक्षा त्याचंच तिला जास्त बरं वाटलं.

"वैनी, रस्सा लई झ्याक झालाय. फुडल्या साली बी बोलवा," हैबतराव म्हणाला.

"बोलवीन की," त्याच्या ताटात भाकरी टाकत ती म्हणाली, "तवर बांध तितंच ऱ्हाऊ द्या."