पश्चिमेकडे चार

शनिवारपासून मी लेथवर कातलेलं प्रत्येक लाकडी पेन पश्चिमेच्या बाजूला चार शतांश मिलिमीटर जाड येतं आहे. पेन हातात फिरवलं तर फुगवटा लाकडातून सरकतो आणि पुन्हा पश्चिमेला येऊन थांबतो. एक पेन खिशात घालून मी चौकापर्यंत जाऊन आलो. दर वळणावर ते खिशात कूस बदलत होतं.

मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो. माझ्या सहीशिवाय तिथून एक खिळाही बाहेर जात नसे आणि माझ्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ होते. तेव्हा भलतेसलते विचार डोक्यात येऊ न देता मी आधी लेथ तपासला. लाकूड ज्या बारीक दांड्यावर ओवून फिरवतात, तो फार आवळला की मधे बाकतो आणि काम लंबगोल येतं. मी नट सैल केला. मग दांडाच बदलला, दोन्ही टोकांच्या बुश-कड्या बदलल्या, हत्याराला धार लावली. शेवटी फिरत्या पेनाला मापाचा डायल टेकवला. लंबगोल वस्तू फिरताना काटा थरथरतो. हा थरथरत नव्हता. पूर्वेकडून लावला की शून्य दाखवायचा, पश्चिमेकडून लावला की चार.

"मग मशीनच फिरवा की," माझी बायको सुमन म्हणाली. आम्ही दोघांनी लेथ ढकलून त्याचं तोंड तुळशीकडे केलं. फुगवटा पश्चिमेलाच राहिला.

लाकूड मारुती हुजरेच्या हत्यारांच्या पेटीचं होतं. मारुती आमच्या कारखान्यातला टर्नर, माझा दोस्त. अकरा वर्षांपूर्वी ग्राइंडरचं दगडी चाक फुटून तो गेला. त्याची मुलगी स्नेहल या सोमवारी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होणार आहे. "काका, पहिल्या दिवशीची सही बाबांच्या लाकडाच्या पेनानं करायचीय," म्हणून तिने पेटीची फळी आणून दिली. फळीतून सहा तुकडे निघाले. पाच वाया गेले.

बुधवारी भाकरी तशीच झाली. सुमनने ती तव्यावर तीनदा फिरवून पाहिली.

"चार बोटं जास्ती आली," ती म्हणाली. "ह्यो तुकडा कुणाच्या ताटात वाढू?"

गुरुवारी लिंबं आणि तिच्या बांगड्या. शुक्रवारी लेथच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत चार फूट मागे गेली. एक माणूस उभा राहील एवढी जागा तिथे झाली. सुमन तिथलाही केर काढते, पण लांबून, हात ताणून.

ती जागा मला ओळखीची आहे. त्या ग्राइंडरचा दांडा मारुतीनेच कातला होता. दोन शतांशापर्यंतचा फरक चालला असता, तो चार भरला. दिवाळीच्या सुट्टीचा आदला दिवस होता, सगळ्यांना घरी जायची घाई. "असू दे अण्णा, चालतंय," मारुती म्हणाला, आणि मी कार्डावर ओके लिहिलं. चाक फुटलं तेव्हा तो त्याच्या पश्चिमेला, चार फुटांत उभा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, सुमनलासुद्धा नाही. मला त्याची लाज वाटते, आणि स्नेहलला कळेल याची भीती त्याहून जास्त वाटते.

रविवारी दुपारी स्नेहल आली. सहावा तुकडा कातून लेथवर तयार होता. खुर्ची मोकळी होती, पण ती सरळ त्या चार फुटांत जाऊन उभी राहिली.

"इकडं ये बाळ. तिथं नको."

"इथं बरंय काका. गार वाटतंय."

तिने पर्समधून एक कोरं तपासणी कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पेटीच्या तळाशी सापडलं म्हणाली. "पेनाबरोबर हेही ओके करून द्या. बाबा सांगायचे, अण्णांची सही असली की मी डोळे झाकून मशीन चालू करतो."

मी डायल टेकवला.

"किती आलं?"

"चार."

"किती चालतं?"

"दोन."

"असू दे काका, चालतंय."

"चालत नाही," मी म्हणालो. हे दोन शब्द अकरा वर्षं माझ्या तोंडात होते. "चालत नाही, स्नेहल. तुझ्या बाबांच्या वेळीही चालत नव्हतं. मी सही केली."

तिच्यापर्यंत आवाज पोचायला वेळ लागत होता, कारण भिंत आणखी मागे गेली होती. मी कार्डाकडे पाहिलं. त्यावर ओके लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि शाई ओली होती. लेथ सुरू झाला होता. बंद करायचं बटण पश्चिमेच्या टोकाला आहे. मी हात लांब केला, आणखी लांब केला.

पलीकडे स्नेहलने डोळे झाकले होते.