मिस्त्रींची तीन मिनिटं

"राज्यं तलवारीनं नाही, गोष्टींनी उभी राहिली! ज्याला गोष्ट सांगता येते, तोच उद्याचा नेता!" प्रशिक्षकांनी हात पसरून जाहीर केलं आणि ते भारदस्तपणे मागच्या खुर्चीत बसले. खुर्ची त्यांना घेऊन थेट दारापर्यंत गेली. संस्था गरजूंना चाकाच्या खुर्च्या वापरायला देत असे, आणि बसण्याआधी ब्रेक लावायचा असतो हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

संस्थेत सध्या बदलाचे वारे होते. बत्तीस वर्षं कारभार हाकणाऱ्या थोरल्या बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि नव्या संचालिकांना जुनं काही दिसलं की अस्वस्थ व्हायचं. त्यांची नजर दुरुस्तीच्या खोलीवर गेली होती. तिथे मिस्त्री मोडक्या खुर्च्या पुन्हा चालत्या करत. संचालिकांचा बेत असा की मोडकी खुर्ची भंगारात जावी, कोरी खोक्यातून यावी आणि रिकाम्या खोलीत 'संवाद दालन' व्हावं. मात्र त्या न्यायी होत्या. शुक्रवारी प्रत्येक विभागप्रमुखानं विश्वस्तांना तीन मिनिटांत आपल्या कामाची गोष्ट सांगायची; ज्याची पटेल त्याचा विभाग राहील. गोष्ट सांगायला शिकवण्यासाठी प्रशिक्षकही त्यांनीच बोलावले होते. मिस्त्री आपल्या विभागाचे प्रमुख होते आणि अख्खा विभागही तेच होते.

"नायक, संकट, अश्रू," प्रशिक्षकांनी सूत्र सांगितलं. "अश्रू दुसऱ्या मिनिटाला. बोला, मिस्त्री."

"एक खुर्ची होती. तिचं बेअरिंग गेलं. मी बदललं."

"संकट कुठंय?"

"गंजलं होतं ना. निघता निघेना."

"आणि अश्रू?"

"डोळ्यात गंज उडाला, तेव्हा आले थोडे."

स्वागतकक्षात बसणारी मिस्त्रींची मेहुणी कपाळाला हात लावून त्यांच्या मागोमाग बाहेर आली. "भावोजी, त्या ड्रायव्हरनं नुसत्या पंक्चरवर सफाईच्या मावशींना रडवलं. आणि तुम्ही! ताईला बघायला आलात तेव्हाही तोंडातून शब्द नाही. आमच्या शिलाई मशीनला तेल घालून गेलात. बाबा विचारत होते, हा मुलगा होता की दुरुस्तीवाला?"

"लग्न झालं ना पण?"

"मशीन चाललं म्हणून! आता खोली गेली तर दिवसभर घरी बसाल आणि ताईची भांडी खोलून ठेवाल. काहीतरी लिहून तरी न्या."

लिहिलेलं मिस्त्रींकडे होतंच. प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली ते एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत: खुर्ची कुणाकडे होती, काय मोडलं, का मोडलं. नंबर तेवढा लिहीत नसत, तो खुर्चीवरच असे. शुक्रवारी सकाळी त्यांनी भराभर दोरे कापले आणि मूठभर चिठ्ठ्या घेऊन सभेला गेले.

त्यांच्याआधी ड्रायव्हर बोलला. चार दिवसांत त्याच्या पंक्चरला वादळ लागलं होतं आणि एक लांडगाही येऊन गेला होता. विश्वस्त घड्याळं बघू लागले होते.

मिस्त्रींनी दोरे कापले त्याच क्रमानं चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या, चष्मा चढवला आणि वाचायला लागले.

"खुर्ची अकरा. निवृत्त मास्तर. ब्रेक सैल. कारण, सून आली की उतारावरून पळून जातात. ब्रेक घट्ट केला, सूनबाईंच्या सांगण्यावरून. पुन्हा सैल केला, मास्तरांच्या सांगण्यावरून."

अध्यक्षांनी घड्याळावरची नजर उचलली.

"खुर्ची सोळा. शिंपीणबाई. उजव्या हाताच्या गादीत टाचण्या टोचून ठेवतात. गादी बदलायला घेतली तर ओरडल्या. बदलली नाही.

"खुर्ची चार, लहान. मुलगी, वय नऊ. मागे हूक पाहिजे म्हणाली. कशाला, ते सांगेना. लावून दिला. दोन वर्षांनी खुर्ची परत आली. हुकाला कुत्र्याचे केस. परत करण्याचं कारण, मुलगी मोठी झाली."

मिस्त्री थांबले. त्यांना वाटलं, पुढची चिठ्ठी उलटी पडलीय. सभेला वाटलं, हा परिणामकारक विराम आहे. एका विश्वस्तांनी रुमाल काढला. प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिलं: दुसरं मिनिट.

"पण मिस्त्री," संचालिका म्हणाल्या, "कोरी खुर्ची वाईट असते का?"

"छे, छान असते. हूक नसतो फक्त."

संचालिका त्या चार नंबरच्या चिठ्ठीवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुत्र्याचं नाव नाही लिहिलंत?"

"विचारायचं राहिलं," मिस्त्री ओशाळले.

"खोली राहू दे," संचालिका म्हणाल्या, आणि 'संवाद दालना'चा नकाशा त्यांनी फाइलमध्ये परत ढकलला. टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी उत्साहानं पंखा मोठा केला. "सूत्र आमचंच!" असं प्रशिक्षक शेजाऱ्यांना सांगू लागले. मेहुणी दारातूनच ताईला फोन लावत होती.

अध्यक्ष उठले. "आज या संस्थेला नेता सापडला! मिस्त्री, बदलाच्या या ऐतिहासिक वळणावर आम्हा सर्वांना आपण काय संदेश द्याल?"

मिस्त्री दोन्ही तळहातांनी टेबल दाबून उभे होते.

"तो पंखा तेवढा बंद करता का कुणी?" ते म्हणाले. "माझे हात अडकलेत, आणि या चिठ्ठ्या उडाल्या तर कुठली कुठल्या खुर्चीची ते मलाही सांगता यायचं नाही."