धूरवाल्या डॉक्टरची साक्ष

कारखान्याच्या डॉक्टरला कामगार ‘धूरवाला’ म्हणायचे. कुणीही खोकत आला की त्याचा एकच प्रश्न, “ओढतोस का?” हो म्हटलं की निदान झालं. माझ्या बाबांच्या कागदावरही त्याने तेच लिहिलं, विड्यांनी फुप्फुस खराब. म्हणजे भरपाई नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

बाबांनी जन्मात एक झुरका घेतला नव्हता. पण अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे बनवणाऱ्या त्या कारखान्यात रीतच अशी, की विडी ओढणाऱ्याला मधे बाहेर जायची मुभा आणि न ओढणाऱ्याने आत धुळीत गोण्या फोडत राहायचं. मग काय, सगळेच विडीवाले झाले. बाबा भिंतीपाशी पेटती विडी नुसती बोटांत धरायचे आणि मोकळी हवा खायचे. “खोटं बोललो, ते अंगाशी आलं,” असं हसत सांगायचे. मला हसू येत नव्हतं. मला त्या डॉक्टरला भर कोर्टात तोंडघशी पाडायचं होतं, तेही बाबांच्या डोळ्यांदेखत, आणि बाबांकडे वेळ फार नव्हता.

मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीतलं पाणी काढून तपासलं. त्यावर काही ठरेना, तेव्हा फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

“कॅन्सर आवरणाचा आहे,” अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या. “हा विडीने होत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होतो.”

बाबा आता यातून वाचत नाहीत, हे तिथेच नक्की झालं. तरी मला आनंद झाला. लाज वगैरे काही वाटली नाही.

भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीच्या दिवशी आमच्या वकिलांनी तो अहवाल धूरवाल्याच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. अर्ध्यावर त्याची बोबडी वळली.

“विडीने होतो का हा?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही.”

“मग तसं का लिहिलंत?”

त्याने अहवाल उलटसुलट करून पाहिला. मी बाबांच्या खुर्चीमागे उभी राहून मनसोक्त बघून घेतलं. भरपाई मंजूर झाली.

बाहेर व्हरांड्यात तो खाली मान घालून बाबांच्या चाकाच्या खुर्चीपाशी आला. “मनात काही ठेवू नका,” म्हणाला.

“नाही ठेवत, साहेब.” बाबांना दोन वाक्यांत दम लागत होता. “पण तुमची खोली गोण्यांच्या शेडला लागूनच होती. खिडकी कायम उघडी. तुम्ही छाती दाखवलीत का कुणाला?”

धूरवाल्याचा हात आपसूक बरगडीवर गेला. बाबांनी कळवळून विचारलं होतं. माझं काळीज तेवढं मोठं नाही.

“दाखवून घ्या,” मी म्हणाले. “फक्त कारखान्याच्या डॉक्टरकडे जाऊ नका.”