मत्स्यमण्याचा फेस

आखातातल्या खलिफा सिटीमधल्या त्या व्हिलाचा हॉल शनिवारी संध्याकाळी इतका गच्च भरला होता की बाहेर चपलांचा ढीग पार गाड्यांच्या चाकांना जाऊन टेकला होता. मॅनेजर होते, बँकवाले होते, दोन-चार इंजिनिअरही होते. त्या सगळ्यांच्या मधोमध पांढऱ्या सोफ्यावर मत्स्यनाथ महाराज बसले होते.

महाराजांनी चांदीच्या ताटलीत सुपारीएवढा पांढरा गोळा ठेवला आणि कुपीतलं तीर्थ त्यावर ओतलं. गोळा फसफसला. फेस उसळला, गुलाबाचा घमघमाट सुटला आणि फेस ओसरल्यावर ताटलीत एक तपकिरी, तकतकीत, मधे खोलगट मणी उरला.

"श्वास घेतला! पाहिलंत ना, मण्याने श्वास घेतला!" महाराज गरजले. "हा साक्षात मत्स्यावताराच्या पाठीचा मणी. गळ्यात बांधा, मासे-मटण सोडा, गोळ्या सोडा, सुया सोडा. खलास! रोग खलास!"

गळ्यात माशाचं हाड मिरवायचं आणि ताटातली सुरमई मात्र पाप! पण हा प्रश्न सुचायला डोकं ताळ्यावर लागतं, आणि डोकी तर सगळ्यांनी गालिच्याला टेकवली होती.

"याच खलिफा सिटीतली एक मुलगी," महाराज आवाज मऊ करून म्हणाले. "अकरा वर्षांचं लेकरू. दिवसाला चार वेळा इन्सुलिन. मणी बांधला आणि तिसऱ्या दिवशी सुई सुटली! आज हसतेय, खेळतेय."

शेवटच्या रांगेत सूर्यकांत आणि रंजिता बसले होते. ती मुलगी त्यांची होती. ईशानी. तिला जाऊन सोळा दिवस झाले होते.

सूर्यकांत फुजैराजवळच्या एका दगडखाणीच्या लॅबमध्ये होता. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार घरी. सुट्टी आली की बापलेक हातोडी घेऊन एका पांढऱ्या, खडूसारख्या भुसभुशीत टेकडीवर जायचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी बारीक शिंपल्यांचा गाळ साचला, त्याचा दगड झाला आणि मेलेल्या माशांची हाडं त्यातच अडकून पडली. दगडाचे तुकडे घरी आणायचे आणि पातळ सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजत घालायचे. दगड फसफसत विरघळतो, हाड टिकतं. मग हाडाच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि वाळल्यावर त्यावर शाईने क्रमांक घालायचा. क्रमांक घालणं हे ईशानीचं काम. तिथे ती बापालाही हात लावू देत नसे.

खाणीच्या स्टोअरमधला तुकाराम दोन-तीनदा त्यांच्याबरोबर टेकडीवर आला होता. "साहेब, हे कसं करता? साहेब, ते कसं?" सूर्यकांतने सगळं हौसेने शिकवलं, वर ईशानीने क्रमांक घातलेले जास्तीचे माशांचे मणके डबाभर दिले. पुढे तुकारामची नोकरी गेली, तो दिसेनासा झाला. आणि वर्षभराने दाढी-जटा वाढवून मत्स्यनाथ महाराज प्रकटले.

रंजिताने तुकारामला कधी पाहिलं नव्हतं. ती पहिल्यांदा सत्संगाला गेली तेव्हा तिने विचारलंही होतं, "महाराज, असले मणी तर आमच्या बाल्कनीत डबे भरून आहेत." त्यावर महाराज डोळे मिटून म्हणाले, "माई, तुमच्या यजमानांना देव सापडला, पण ओळखता आला नाही." झालं! आपलं घरच निवडलेलं आहे, असं तिला वाटलं. मुलीच्या पोटावर, दंडावर रोज सुया टोचून जीव विटलेली आई होती ती. फोनवर तिने सांगितलं तेव्हा सूर्यकांत हसला होता. "जा गं, मनाला बरं वाटत असेल तर जा." एकदा येऊन त्या महाराजाचं तोंड पाहिलं असतं तर! पण त्याने पाहिलं नाही. बुवाबाजीवर हसलं की आपलं काम संपलं, असं शहाण्या माणसांना वाटतं.

खाणीवर ऑडिट होतं, म्हणून तो दोन आठवडे घरी आला नाही. इन्सुलिन बंद झाल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही. ईशानीला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा महाराज म्हणाले, विष बाहेर पडतंय. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली होती, "आय ॲम ओके, बाबा. जस्ट टायर्ड." ॲम्ब्युलन्स आली तेव्हा फार उशीर झाला होता. महाराजांचा चेहरा त्याने नंतर, रंजिताच्या फोनमधल्या व्हिडिओत पाहिला.

आज येताना रंजिताने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. "ट्रिक दाखवा, पण ईशूचं नाव काढू नका. माझ्या हाताने झालं हे लोकांना कळलं तर मी जगू शकणार नाही."

पुढच्या रांगेतून कावेरी उठली. कडेवर तिची सहा वर्षांची मुलगी केया, तिला फिट्स यायच्या. "महाराज, हिच्या गोळ्या आज रात्रीपासून बंद करू ना?"

"आत्तापासून, माई."

सूर्यकांत ताडकन उठून पुढे गेला. त्याला पाहताच महाराजांचा चेहरा उतरला.

"कसा आहेस, तुकाराम?" सूर्यकांत म्हणाला. त्याने पिशवीतून बाटली काढली. "मंडळी, हा सॅलडमधला सिरका. आणि हा टेकडीवरचा पांढरा दगड." त्याने थेंब टाकले. दगड फसफसला. "फेस दगडाचा आहे. देवाचा नाही, हाडाचाही नाही. यांच्या तीर्थातही सिरकाच आहे, वास लपवायला गुलाबपाणी. साफ केलेल्या हाडाला पांढऱ्या दगडाचं पीठ थापलं की गोळा तयार. आता ताटलीतला हा उघडा मणी. महाराज, ओता तीर्थ. पुन्हा श्वास घेऊ दे."

महाराज हलले नाहीत. सूर्यकांतनेच कुपीत उरलेलं तीर्थ मण्यावर ओतलं. मणी ढिम्म पडून राहिला.

"सुरमईची तुकडी कापताना मधोमध हेच हाड असतं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय." त्याने मणी उलटा केला. मागच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका होता आणि त्यावर बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं : ४७. ते अक्षर ईशानीचं होतं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. एक गृहस्थ पुटपुटले, "फसवलं की राव! दीड हजार दिर्हम, म्हणजे पस्तीस हजार रुपये!" पण कावेरी केयासाठी घेतलेला मणी घट्ट धरून उभी होती.

"असेल ट्रिक," ती रडवेली होऊन म्हणाली. "पण ती मुलगी तर बरी झाली ना? इन्सुलिन सुटलं ना तिचं?"

सूर्यकांतने मागे रंजिताकडे पाहिलं. वचन दिलेलं होतं.

मागून रंजिता उठली. भिंतीचा आधार घेत ती कावेरीपर्यंत आली.

"सुटलं," ती म्हणाली. "मीच सोडवलं. ती माझी मुलगी होती. सोळा दिवसांपूर्वी गेली."

कुणीतरी दार उघडून पोलिसांना फोन लावायला बाहेर गेलं. महाराज सोफ्यावरून उठू पाहत होते, पण दोघा इंजिनिअरांनी वाट अडवली.

रंजिता फक्त कावेरीशी बोलत होती. "असाच मणी मी तिच्या गळ्यात बांधत होते ना, तेव्हा ती म्हणाली, 'आई, इट्स जस्ट अ फिश.' अकरा वर्षांच्या पोरीला कळत होतं गं. मी तिला गप्प केलं. देवाबद्दल असं बोलायचं नाही म्हणाले. मग मी रडायला लागले, तर म्हणाली, 'ओके आई, डोन्ट क्राय,' आणि मान पुढे केली." तिने कावेरीच्या मुठीतला मणी काढून घेतला. "डॉक्टरांना विचार, आमच्या यांनाही विचार, पुरावा माग. जो विचारू देत नाही त्याच्या हाती लेकरू देऊ नकोस. आणि तुझं पोर काही विचारत असेल, तर त्याला गप्प करू नकोस. गोळी कुठे आहे हिची?"

कावेरीने पर्स उघडली. केयाने गोळीकडे पाहून विचारलं, "व्हाय डू आय नीड धिस?"

"सांग तिला," रंजिता म्हणाली. कावेरी तिथेच खाली बसली आणि लेकीला समजावून सांगू लागली.