टेकडीवरचा गोळा

आमचं गाव पार उत्तरेला, ध्रुवाकडे. टेकडीवरचा रडारचा पांढरा गोळा अमेरिकनांनी बांधला, रशियाच्या विमानांवर नजर ठेवायला. रशियाची विमानं काही आली नाहीत, शेवटी रडारवालेच कंटाळून गेले. मागे राहिली त्यांची धावपट्टी आणि हा गोळा. आता त्याचा उपयोग एवढाच, की माझ्या खिडकीतून तो दिसला तर विमान उतरू शकतं. वैमानिकाला ते सांगायचं काम माझं.

त्या दुपारी माझा पाय एका जागी ठरत नव्हता. माझी भावजय लीतिया दवाखान्यात अडली होती. बाळ पायाळू. आमच्याकडच्या बाया महिनाभर आधीच दक्षिणेच्या इस्पितळात जाऊन राहतात, पण हिच्या बाळाला दम कुठला? तिला न्यायला आलेलं विमान वर घिरट्या घालत होतं आणि उडत्या बर्फात गोळा गडप झाला होता.

पावलूसी, माझा भाऊ, धाडकन आत आला. पट्टीवरचा बर्फ तोच काढतो.

"ताई, दिसतोय म्हणून सांग त्याला."

"नाही दिसत."

"मला दिसतोय!"

"खिडकीकडे पाठ करून?"

"ती मरतेय तिकडे! दगड आहेस तू, दगड!"

रेडिओ खरखरला. "गोळा दिसतो का?" वैमानिकाने विचारलं.

माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्याने एकदा दया येऊन 'दिसतो' म्हटलं होतं. त्या विमानात आमचे बाबा होते, कुपाक. इस्पितळातून बरे होऊन घरी येत होते. विमान टेकडीवर आदळलं. पावलूसी तेव्हा माझ्या कडेवर होता, त्याला काय आठवणार?

त्याने माइक ओढला. मी सोडला नाही.

"नाही दिसत," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. परत जा."

विमानाचा आवाज दूर गेला. "तिला काही झालं तर मला बहीण नाही," म्हणत पावलूसी दार आपटून गेला.

मी खिडकी पुसली. चहा ओतला, प्यायले नाही. पुन्हा खिडकी पुसली. बर्फ बाहेर उडत होता आणि मी काच आतून पुसत होते. दवाखान्यात फोन लावायची हिंमत होईना. ती गेली तर मीच मारली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अंधार पडताना पावलूसी दारात येऊन उभा राहिला.

"चल. गीला मावशी बोलावतेय." अर्धं गाव या मावशीच्याच हातावर जन्मलंय.

"लीतिया?"

"मला शिव्या घालतेय. म्हणजे बरी आहे. मावशीने बाळ सोडवलं."

मुलगी होती, लालबुंद, रागावलेली. आमच्यात बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात आणि मग ते माणूसच परत आलं असं मानतात. मुलगा-मुलगी कोण बघतो!

पावलूसीने तिला माझ्या हातात दिलं. "कुपाक," तो म्हणाला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. मग बाळालाच म्हणाला, "बाबा, ही तुमची लेक. हिनेच ते विमान परत पाठवलं."

मला रडू आवरेना.

"किती उशीर केलात, बाबा," मी म्हणाले.