बारा पानांतले आठवे पान

मित्रांनो, मी एक जुना फुटर आहे. संगणकावर लिहिलेल्या पानाच्या अगदी तळाशी, एका रेघेखाली, बारीक अक्षरांत जी ओळ प्रत्येक पानावर येते, ती मी. तुम्ही मला पाहिले असेल. वाचले असेलच असे नाही.

माझा जन्म इमारतींच्या लिफ्ट तपासणाऱ्या एका कचेरीत झाला. तिथल्या टायपिस्टबाईंनी पानाच्या तळाशी दोनदा क्लिक केले आणि मी जागा झालो. मी जागा असलो की वरचा मजकूर फिका पडतो आणि मजकुराचे काम सुरू झाले की मी फिका पडतो. माझे बहुतेक आयुष्य असे फिकेच गेले. बाईंनी डावीकडे कचेरीचे नाव घातले, मधे तारीख आणि उजवीकडे ‘पान १ / १२’. हे आकडे त्यांनी हाताने टाइप केले नव्हते. पाने वाढली किंवा कमी झाली की मीच मोजून आकडे बदलत असे.

तिथले म्हातारे तपासनीस चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “बाई, हे बरं केलंत. पानं मागेपुढे व्हायची तुमच्या प्रिंटरमुळे, आणि बोलणी खायचो मी.”

माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे नऊ वर्षे मी शेकडो अहवालांच्या तळाशी राहिलो.

म्हाताऱ्यांचा शेवटचा अहवाल एका चार मजली ग्रंथालयाच्या लिफ्टचा होता. त्यांनी तो नेहमीसारखा हाताने लिहून दिला आणि बाईंनी टाइप केला. आठव्या पानावर लिहिले होते : दोराच्या तारा तुटू लागल्या आहेत, दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. त्याच आठवड्यात म्हातारे निवृत्त झाले.

सोमवारी नवे साहेब बाईंच्या टेबलाशी आले. “हे आठवं पान काढा. ग्रंथालयात नव्या दालनाचं उद्घाटन आहे, मोठी माणसं यायचीत. दोर काय, पुढच्या महिन्यात बदलतीलच.”

“साहेब, पण त्यांनी स्वतः बघून लिहिलंय.”

“ते गेले घरी. सही आता माझी आहे.”

बाईंनी ते पान निवडले आणि एक कळ दाबली. नवव्याचे आठवे झाले, दहाव्याचे नववे. जिथे बारा होते तिथे मी अकरा लिहिले. मला काही दुखले नाही. मला तसेच शिकवले होते.

अहवाल न्यायला ग्रंथालयाचा लिफ्टमन स्वतः आला. “ताई, बंद ठेवायला नाही ना सांगितलं? हल्ली मधेच हिसका बसतो हो.”

“मी नुसतं टाइप करते,” बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्याने बोट ओले करून एकेक पान उलटले आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पाहिले. “अकरापैकी अकरा. म्हणजे सगळं आलं.” कागद छातीशी धरून तो गेला. तोंडाला पाने पुसणे म्हणतात ते हेच, मित्रांनो. ती पाने मोजून दिली मी.

सोळा दिवसांनी दोर तुटून लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून खाली आली. आत तो एकटा होता आणि पुस्तकांची ढकलगाडी. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. साहेबांनी काखा वर केल्या. “अहवाल पूर्ण आहे. खाली बघा ना, अकरापैकी अकरा. म्हाताऱ्यांनीच दोर पाहिला नसेल.”

चौकशी अधिकाऱ्याने माझ्यावरून बोट फिरवले आणि मान डोलावली. तेव्हा बाईंनी खण उघडला, म्हाताऱ्यांच्या हस्ताक्षरातली बारा पाने काढली आणि टेबलावर ठेवली.

“आठवं पान मी काढलं,” त्या म्हणाल्या. “सांगितलं साहेबांनी. कळ मी दाबली.”

अधिकाऱ्याने त्यांतले आठवे पान काढून वाचले.

साहेबांना घरी बसवले. बाईंची बदली टपाल विभागात झाली. जाण्यापूर्वी त्यांनी मला शेवटचे उघडले, माझे आपोआप मोजणे पुसून टाकले आणि तिथे मोकळी जागा ठेवली. आता प्रत्येक पानाचा आकडा तपासनीस पेनाने लिहितो आणि शेजारी सही करतो.

खुर्ची सोडता सोडता बाई नव्या टायपिस्टला म्हणाल्या, “जाऊन आले त्या लिफ्टमनकडे. सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं चहा दिला. माझा रिकामा कप घ्यायला तो सवयीने उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला.”

नव्या टायपिस्टने काम सुरू केले आणि मी फिका पडलो.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. नुसता तळाचा आकडा पाहून कागद पूर्ण आहे असे समजू नका. वरचे वाचा, आणि ज्याने लिहिले त्याला विचारा. राहिलेली पाने मी चोख मोजीन. गेलेले पान मला कधीच दिसत नाही. ते ज्याने काढले त्यानेच सांगायला हवे.